निनावी उत्तरे आणि वर्गातले मौन

'समजले का?' हा भारतीय वर्गांत सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वांत कमी उत्तर मिळवणारा प्रश्न असावा. उत्तर भारतातील एका केंद्रीय विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवताना मीही तो वीसेक वर्षे विचारत आलो. समोर शंभरावर विद्यार्थी असत. पुढच्या दोन बाकांवरची चार-पाच मुले मान डोलावत, क्वचित इंग्रजीतून एखादी शंका काढत. उरलेला वर्ग वहीत डोके घालून बसे. त्या शांततेचा अर्थ मी होकार असाच लावत होतो. तो अर्थ माझ्या सोयीचाही होता, कारण त्यामुळे अभ्यासक्रम वेळेत संपत असे.

काही वर्षांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी एक साधा प्रयोग केला. फळ्यावर प्रश्न लिहिला: महागाईचा दर ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर वस्तू स्वस्त झाल्या की महागच होत राहिल्या? आधी हात वर करायला सांगितले. चार हात वर आले, चौघांचेही उत्तर बरोबर होते. मग तोच प्रश्न फोनवरून, कोणाचेही नाव न दिसता, सोडवायला दिला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी शेजाऱ्याच्या फोनवरून आपले उत्तर नोंदवले. पडद्यावर दोन स्तंभ उभे राहिले आणि चुकीच्या उत्तराचा स्तंभ बराच उंच होता. निम्म्याहून अधिक वर्गाच्या मते वस्तू स्वस्त झाल्या होत्या. महागाईचे प्रकरण मी आदल्याच आठवड्यात 'संपवले' होते. वर्गात हशा पिकला, पण तो कोणा एकाला हसणारा नव्हता. आपल्याला कळलेले नाही आणि असे आपण एकटेच नाही, हे त्या मुलांना एकाच वेळी दिसले होते. मला जे दिसले ते त्याहून अवघड होते: वीस वर्षे मी ज्याला संमती समजत होतो, ते बहुधा अज्ञान आणि भीती यांचे मिश्रण होते.

ही पद्धत नवी नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात व्याख्यान मध्येच थांबवून संकल्पनेवर आधारलेला प्रश्न विचारायचा, प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून पुन्हा उत्तर घ्यायचे, अशी रीत रूढ केली. सुरुवातीला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती कागदी कार्डे होती. इलेक्ट्रॉनिक 'क्लिकर' नंतर आले आणि आता त्यांची जागा बहुतांशी फोनवरील अ‍ॅपनी घेतली आहे. चर्चेनंतरच्या दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढते, आणि ते केवळ हुशार शेजाऱ्याचे ऐकून वाढत नाही, असे कोलोरॅडो विद्यापीठातील जीवशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. आता आपल्याकडेही 'स्मार्ट क्लासरूम'च्या निविदांमध्ये क्लिकर आणि प्रतिसाद-अ‍ॅप हे शब्द दिसू लागले आहेत. मुखदुर्बळ मुलांना बोलते करणारे साधन, अशी त्यांची जाहिरात होते.

मला हरकत आहे ती या 'मुखदुर्बळ' शब्दाला. लाजाळूपणा हा स्वभाव आहे आणि प्रत्येक समाजात काही मुले तशी असतात. परंतु आपल्या वर्गात कोण गप्प बसते याची यादी केली, तर स्वभावाचे वाटप इतके व्यवस्थित कसे झाले याचे आश्चर्य वाटावे. हिंदी, मैथिली किंवा संथाळी माध्यमातून आलेली मुले गप्प असतात. मुली गप्प असतात, त्यातही घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या अधिक. राखीव जागेवर प्रवेश मिळाल्याचे ज्यांच्याविषयी वर्गात बोलले जाते ती मुले गप्प असतात. हीच मुले वसतिगृहाच्या कट्ट्यावर राजकारणापासून क्रिकेटपर्यंत कोणत्याही विषयावर तावातावाने वाद घालतात. ती लाजाळू खचितच नव्हेत. वर्गात तोंड उघडण्याची किंमत त्यांना इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, आणि ती त्यांनी नीट हिशेब करून टाळलेली असते.

या किमतीचे मोजमाप झालेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे मिळणार होते. निम्मी मुले तथाकथित उच्च जातींतील, निम्मी दलित जातींतील. जात कोणालाही सांगितलेली नसताना दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. नंतर सहा-सहांच्या मिश्र गटात प्रत्येकाचे नाव, वडिलांचे व आजोबांचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली गेली. कोडी तीच होती आणि पैसेही तेवढेच मिळणार होते, तरी दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या खालावली. हा निबंध २००६ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला. आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात तो कुठे शिकवला जाताना मी पाहिलेला नाही.

याला जोड म्हणून रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा २०१२ मधील अभ्यास पाहावा. त्यांनी भारतातील एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर जातीची नोंद यदृच्छया बदलून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे, परंतु मोजता येण्याइतके कमी गुण मिळाले. यावरील उपाय आपल्याकडे जुनाच आहे. मंडळाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहिल्यास तो गैरप्रकार ठरतो. आसन क्रमांक असतो, अनेक ठिकाणी तोही बारकोडखाली झाकला जातो. म्हणजे वर्षातून एकदा, मूल्यमापनाच्या दिवशी, नाव झाकल्याशिवाय न्याय होणार नाही हे आपल्या व्यवस्थेने केव्हाच मान्य केले आहे. वर्षातले उरलेले दिवस मात्र त्याच मुलाने आडनाव, उच्चार आणि कपडे यांसकट उभे राहून बोलावे अशी आपली अपेक्षा असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमावलीने वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे हा भेदभाव मानला आहे. पण ती जाहीर करावी कशाला लागते? हजेरीत आडनाव पुकारले की बरेचसे काम होते.

गुप्त मतदानाकडे आपण असे पाहत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आडोशामागे ठेवलेल्या पेट्यांमध्ये चिठ्ठी टाकणाऱ्या शेतमजुराला कोणी लाजाळू म्हटले नाही. जमीनदाराच्या नजरेआड त्याचे मत त्याचे स्वतःचे राहावे, एवढाच त्या पडद्याचा उद्देश होता. वर्गातल्या निनावी उत्तरालाही मी याच रांगेत बसवतो.

इतके म्हटल्यावर या साधनाने माझ्याच वर्गात काय केले तेही सांगायला हवे. प्रयोगाच्या दुसऱ्या वर्षी मी जरा धाडसी झालो होतो. सार्वजनिक खर्चात कपात करायची झाली तर सर्वप्रथम कुठे, असा प्रश्न विचारून एका शब्दात उत्तर लिहायला सांगितले. उत्तरे थेट पडद्यावर उमटत होती. सात-आठ उत्तरांनंतर एक जातिवाचक शिवी आली. मी प्रक्षेपक बंद करेपर्यंत अर्धा मिनिट गेला असेल. कोणी लिहिले ते कळणे शक्य नव्हते. तशी व्यवस्था मीच केली होती. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून निघून गेला आणि दोन आठवडे वर्गात आला नाही. मी वसतिगृहात जाऊन त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, 'सर, वो शब्द नया नहीं था, बस स्क्रीन नई थी.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर मी निनावीपणाकडे एकसंध गोष्ट म्हणून पाहणे सोडून दिले. निनावी, पण कोणापासून, हा प्रश्न विचारला की वेगवेगळे पडदे दिसू लागतात. एक सहाध्यायांपासूनचा, दुसरा शिक्षकापासूनचा, आणि तिसरा, ज्याविषयी आपण जवळपास बोलतच नाही, तो संस्था, सरकार आणि अ‍ॅपची मालक कंपनी यांच्यापासूनचा. गप्प बसणाऱ्या मुलाला प्रामुख्याने पहिला पडदा हवा असतो. बंदिस्त पर्यायांच्या प्रश्नांत केवळ एकूण आकडे पडद्यावर येतात, तिथे शिवीला जागाच नसते. मुक्त लेखन असेल तर ते आधी फक्त शिक्षकाने वाचावे आणि मग योग्य ते वर्गासमोर ठेवावे. हा नियम मी त्या प्रसंगानंतर एकदाही मोडलेला नाही. या मार्गाने येणाऱ्या शंकांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत विचारा असे सांगितल्याबरोबर रोमन अक्षरांतली भोजपुरी आणि देवनागरीतली अर्धी इंग्रजी वाक्ये येऊ लागली. प्रश्न चांगले होते. इंग्रजीच्या गाळणीतून इतकी वर्षे ते खाली उतरतच नव्हते.

तिसऱ्या पडद्याविषयी मात्र मला खरी चिंता वाटते. माझ्या परिचयातील एका महाविद्यालयाने मोठ्या खर्चाने क्लिकर घेतले. प्रत्येक यंत्र हजेरी क्रमांकाशी जोडले होते, आणि प्रशासनाने यंत्र आहेच तर उपयोग का करू नये, असा विचार करून उत्तरांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जोडले. पंधरवड्यात काय झाले असेल ते सांगायला नको. पुढच्या बाकावरच्या मुलाचे बोट कुठे जाते ते पाहून सगळा वर्ग बटण दाबू लागला. बरोबर उत्तरांचे प्रमाण भराभर वाढले, त्याचा अहवाल वर गेला आणि तिथे समाधान व्यक्त झाले. काही मुले न आलेल्या मित्रांचे क्लिकर खिशात घेऊन येत, ते वेगळेच. चूक करण्याची मोकळीक देणारे साधन अशा रीतीने चुकीची नोंद ठेवणारे यंत्र झाले.

शिक्षकांच्या बाबतीतही हेच घडेल. निम्मा वर्ग चुकला हे दाखवणारा स्तंभ म्हणजे मुलांच्या आधी शिकवणाऱ्याचा निकाल असतो, हे मी स्वतः भोगले आहे. तो निकाल वर्गाच्या चार भिंतींत राहिला तर शिक्षक तो धडा पुन्हा शिकवतो. तोच आकडा जिल्हा कार्यालयाच्या 'डॅशबोर्ड'वर जाणार असेल, तर शहाणा शिक्षक उद्यापासून सोपे प्रश्न विचारील. आपल्या प्रशासनाला प्रत्येक आकडा वर पाठवण्याची जी सवय आहे, ती या ठिकाणी तरी आवरावी लागेल. शैक्षणिक अधिकाऱ्यांना हे पटवणे सोपे नाही. जे मोजले ते पाहायचे नाही ही कल्पनाच त्यांना अधर्म वाटते.

कायद्याची भिंत यासाठी पुरेशी आहे असे वाटत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, त्यांच्या विद्येसाठी—म्हणजे 'डेटा'साठी. हा पारिभाषिक शब्द मला अजून रुळलेला नाही—पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करतो. मात्र त्याच कायद्याखालच्या नियमांनी शैक्षणिक कार्यासाठी शिक्षणसंस्थांना या मनाईतून सवलत दिली आहे. हजेरीसाठी किंवा सुरक्षेसाठी सवलत समजू शकते. पण नववीतल्या मुलीने अपूर्णांकाच्या प्रश्नाला तीनदा चुकीचे उत्तर दिले, ही नोंद कोणाकडे, किती वर्षे राहावी, याचे उत्तर 'शैक्षणिक कार्य' या शब्दांत सापडत नाही. ते राज्यांनी आपल्या खरेदी-करारांत लिहून घ्यायला हवे: वैयक्तिक उत्तरे तास संपताच पुसली जावीत, ती गुणांशी वा हजेरीशी जोडली जाऊ नयेत, आणि फार तर एकूण संख्या शिक्षकाच्या वहीत राहावी. निविदेच्या कागदात ही तीन वाक्ये घालायला एक पैसाही लागत नाही.

पैशाचा प्रश्न निघाला आहे तर तोही थोडक्यात घेऊ, कारण खरे तर तो तितका मोठा नाही. फोनवर विसंबणारी पद्धत शाळेत चालणार नाही. 'असर'च्या २०२३ मधील ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे ज्यांना बोलते करायचे त्याच दाराबाहेर राहतील. शिक्षण मंत्रालयाच्या 'यूडायस प्लस'नुसार २०२३-२४ मध्ये इंटरनेट असलेल्या शाळा सुमारे ५४ टक्के होत्या. यंत्रे वाटण्याचा आपला अनुभव उत्साहवर्धक नाही. २०११ मध्ये गाजावाजा करून आलेल्या 'आकाश' टॅबलेटची आज आठवणही कोणी काढत नाही. याउलट छापील कार्डांची पद्धत पाहा. प्रत्येक मुलाकडे चौकोनी नक्षीचे एक कार्ड असते. ते ज्या बाजूने वर धरले तो पर्याय, आणि शिक्षकाचा एकच फोन वर्गावरून फिरवला की सर्व उत्तरे टिपली जातात. शेजाऱ्याला नक्षी पाहून काही उमगत नाही. तेवढेही नसेल तर डोळे मिटून बोटे दाखवता येतात. ज्यांच्या बालपणी दगडी पाटी होती त्यांना आठवेल, गणित सुटले की पाटी छातीशी उलटी धरायची आणि गुरुजी समोर आले की फक्त त्यांनाच दाखवायची. तेही निनावी प्रतिसादाचेच तंत्र होते.

महाग आहे तो प्रश्न. मुले ज्या ठिकाणी खरोखर घसरतात तिथे नेमके बोट ठेवणारा, चुकीचे पर्यायही खरे वाटावेत असा प्रश्न तयार करायला मला कधी कधी एक संपूर्ण संध्याकाळ लागते. इयत्ता आणि विषयनिहाय असे प्रश्न, राज्यांच्या भाषांत, अनुभवी शिक्षकांकडून लिहून घेऊन ते 'दीक्षा'सारख्या सरकारी मंचावर मोफत ठेवणे हे एनसीईआरटी आणि राज्यांच्या शैक्षणिक परिषदांचे काम आहे. यंत्रखरेदीच्या तरतुदीचा लहानसा हिस्सा त्यावर खर्च झाला तरी पुष्कळ होईल.

आक्षेप एक उरतो, आणि तो गंभीर आहे. नागरिकाने शेवटी स्वतःच्या नावाने बोलायला शिकायला हवे. सभाधीटपणा शाळा-महाविद्यालयांत नाही यायचा तर कुठे? पडद्याआड बोलण्याची सवय लागलेली पिढी समाजमाध्यमांवर काय करते ते आपण पाहतोच. माझ्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचे हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. फक्त त्यांतील बहुतेकांना पहिल्यांदा बोलताना काय मोजावे लागले होते, हे ते विसरले असावेत असे मला वाटते. निनावी उत्तर हा तासाचा पहिला भाग असावा, संपूर्ण तास नव्हे. दोन स्तंभ पडद्यावर आल्यानंतर खरे काम सुरू होते: शेजाऱ्याशी बोलायचे, मग वर्गाशी. या मधल्या पायरीवरच आपल्या शिक्षकांना सर्वांत जास्त मदत लागेल, कारण इथे कोणतेही यंत्र कामाला येत नाही.

मी आता एक युक्ती करतो. चुकीचे उत्तर देणाऱ्यांनी हात वर करा, असे कधीच म्हणत नाही. 'ज्यांनी हा पर्याय निवडला असेल, त्यांच्या मनात काय आले असावे?' असे विचारतो. तृतीयपुरुषी क्रियापदाचा आडोसा मिळाला की माणसे बोलतात. गेल्या सत्रात महागाईचाच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा बुंदेलखंडातून आलेली, तोवर एकदाही न बोललेली एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि हिंदीतून म्हणाली की, ज्यांनी 'स्वस्त' म्हटले असेल त्यांनी बहुधा बातम्यांतला 'महागाई घटली' हा मथळा खरा मानला असेल. मी विचारले, मथळा मग कसा असायला हवा होता? तिने क्षणभर विचार केला आणि सांगितले, 'महँगाई की चाल धीमी हुई.' मागच्या बाकावरून कोणीतरी हरकत घेतली की असा मथळा कोणी वाचणार नाही. ती वळून त्याच्याशी वाद घालू लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी तो वाद चालूच होता, आणि त्या दिवशी ठरलेला भाग माझ्याकडून शिकवायचा राहून गेला.